दहा माणसं आणि एक दिवस

बेने इस्रायल हा मराठी बोलणारा ज्यू समाज कोकणात कित्येक शतकं राहिला आणि त्यातला बहुतेक काळ त्यांच्याकडे एकही सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनागृह, नव्हतं. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, मांडवीचं शार हारहामीम, 1796 सालचं. कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटले आणि त्यांनी ते बांधलं. कोकणातली सिनेगॉग त्यानंतरची: रेवदंड्याचं बेथ एल 1842 चं, अलिबागचं मागेन आबोथ 1848 चं, पनवेलचं 1849 चं, पेणचं 1863 चं. त्याआधीच्या पिढ्यांकडे इमारत नव्हती, रब्बी नव्हता, हिब्रू वाचता येणारा माणूस नव्हता.

मग होतं काय? नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या आणि त्यांच्याबरोबरचं सगळं समुद्रात गेलं, ही या समाजाची स्वतःबद्दलची कथा. ते नेमकं कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कथेतला मुख्य भाग हा: ग्रंथ हरवले, भाषा हरवली. उरली ती ‘शमा’ प्रार्थनेची पहिली ओळ, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खायचा नेम, आणि पाळायचे दिवस. डेव्हिड राहाबी नावाचा परका ज्यू कोकणात आला, त्याने बायांपुढे वेगवेगळी मासळी ठेवली आणि त्यांनी निषिद्ध मासे बाजूला काढल्यावर त्याला ओळख पटली, असं परंपरा सांगते. मात्र शेजाऱ्यांना ओळख पटायला मासळीची गरज नव्हती. तेलाचा घाणा चालवणारी ही माणसं शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत. गाव त्यांना शनिवार तेली म्हणत होतं.

आज याच्या नेमकं उलट झालंय, आणि हा लेख मी त्याचसाठी लिहितोय. इमारती आहेत. त्यांतल्या काही देखण्या आहेत, काहींची डागडुजी मन लावून झालेली आहे. मुंबईत फोर्टमधल्या, बगदादी ज्यूंच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचं नूतनीकरण 2019 साली पूर्ण झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी ठळक बातम्या दिल्या, आणि ते काम खरोखरच सुंदर झालं आहे. पुण्याचं लाल देऊळ, तेही बगदादी ज्यूंचंच सिनेगॉग, शहराच्या प्रत्येक सहलीच्या यादीत असतं. ग्रंथ आहेत, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, आहेत, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थनांचे मराठी अनुवाद करून ठेवल्यामुळे अर्थ कळायचीही सोय आहे. कमी पडतोय तो दिवस. नोकरीतून, परीक्षेतून, दुकानातून मोकळा झालेला एक पूर्ण दिवस, आणि त्या दिवशी एका छताखाली जमू शकणारी दहा माणसं.

ज्यू पंचांगातला तिश्री महिना साधारण आपल्या भाद्रपद-आश्विनात येतो. दोन्ही पंचांगं चांद्र-सौर असल्यामुळे अमावास्या-पौर्णिमा जुळतात. अधिक महिना कुणी कधी घेतला त्यावर तिश्री कधी गणेशोत्सवाबरोबर चालतो, कधी नवरात्राबरोबर. 2024 आणि 2025 ही दोन्ही वर्षं योम किप्पुर, या समाजाचा सगळ्यांत पवित्र दिवस, बरोबर दसऱ्याच्याच दिवशी आला. 2023 मध्ये तो गणेशोत्सवात होता, 2026 मध्येही गणेशोत्सवातच आहे. ज्या तीन आठवड्यांत आपली निम्मी वस्ती आरती, गरबा किंवा मिरवणुकीत असते, त्याच तीन आठवड्यांत या समाजाचं वर्षाचं सगळ्यांत मोठं काम चाललेलं असतं, आणि शेजारच्या इमारतीलाही त्याचा बहुधा पत्ता नसतो.

ते काम थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण ‘सण’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यापेक्षा हे वेगळं आहे. आधीचा एलुल महिनाभर पहाटे उठून सलिहोथ म्हणायचे, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना. मग रोश हशाना, नवं वर्ष. कोकणात त्याला नव्याचा सण म्हणत. सिनेगॉगमध्ये शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकलं जातं. घरी नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा थापला जातो, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे सणाची आशीर्वादाची प्रार्थना, म्हटलं जातं, वाहत्या पाण्याकाठी जाऊन वर्षाची पापं सोडायची प्रार्थना होते. जुन्या कोकणी रीतीत यानंतर चौथ्या दिवशी खिरीचा सण येई, नव्या तांदळाच्या खिरीचा. दहाव्या दिवशी योम किप्पुर, जुन्या नावाने दारफळणीचा सण. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दार लावून, कुणाशीही व्यवहार न करता घरात बसायचं. पूर्वजांचे आत्मे त्या रात्री घरी येतात अशी श्रद्धा होती. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं, वर्षभराचं काही मनात असेल तर ते संपवायचं.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं घरातून सिनेगॉगमध्ये आलं. कोचीनहून आलेल्या श्लोमो सालेम शुर्राबींसारख्या शिक्षकांनी प्रार्थनेची रीत बसवून दिली, हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, तयार झाले. दार लावून घरात बसण्याच्या जागी आता पंचवीस तासांचा निर्जळी उपास आणि सिनेगॉगमधल्या पाच प्रार्थना आल्या. संध्याकाळी कोल निद्रे या प्रार्थनेने सुरुवात, दुसऱ्या दिवशी सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत जवळपास अखंड पठण, शेवटी नइला ही समारोपाची प्रार्थना आणि शोफारचा एक लांब सूर. त्यानंतर पाचव्या दिवशी सुक्कोथ. अंगणात सुक्का, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभारायची. तिचं छप्पर तोडलेल्या हिरव्या फांद्यांचं असावं लागतं. कोकणात त्याला नारळाच्या झावळ्यांइतकी योग्य दुसरी वस्तू नाही. हातात लुलाव, म्हणजे खजुराची कोवळी झावळी, आणि एत्रोग, म्हणजे महाळुंग. मग सिम्हाथ तोरा: वर्षभराचं तोरावाचन संपवून त्याच क्षणी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करायचं, आणि सेफेर तोरा कडेवर घेऊन तेवाभोवती, म्हणजे वाचनाच्या मंचाभोवती, फेर धरायचा.

एवढं सगळं एका माणसाला घरी करता येत नाही. तोराचं जाहीर वाचन, मृतांसाठी म्हणायचं कद्दिश आणि प्रार्थनेतले इतर काही भाग यांना मिन्यान लागतो. परंपरेने मिन्यान म्हणजे दहा सज्ञान पुरुष. नऊ असतील तर नऊ जण मुकाट्याने आपापली प्रार्थना म्हणतात, पण कपाट उघडून सेफेर बाहेर काढत नाहीत. आई-वडिलांच्या नावाने कद्दिश म्हणायला आलेला मुलगा ते न म्हणताच परत जातो. समाजाचं आयुष्य किती नाजूक आकड्यावर टेकलेलं आहे ते इथे दिसतं. 1951 च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांहून अधिक ज्यू होते, आणि त्यांत सगळ्यांत मोठा वाटा याच समाजाचा. आज देशभरात मिळून पाच हजारही भरत नाहीत. बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. राहिलेल्यांपैकी बहुतेक मुंबई-ठाणे-पुण्यात आहेत. कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांपैकी बऱ्याच ठिकाणी एरवीच्या शब्बाथला दहा माणसं जमत नाहीत. तिश्रीत जमतात, कारण मुंबईची मंडळी आपल्या आडनावाच्या गावी येतात. पेणकर पेणला, रोहेकर रोह्याच्या बाजूला, दिवेकर दिव्याच्या ओढीने. आठ घरच्यांना दोन बाहेरचे मिळाले की सेफेर बाहेर येतो.

ते दोन बाहेरचे कोण? एक जण असतो बँकेत किंवा खासगी कंपनीत, दुसरा कॉलेजात. त्या दोघांना रजा मिळाली की नाही यावर एका गावच्या सिनेगॉगमध्ये त्या वर्षी कोल निद्रे होणार की नाही हे ठरतं. दहा हजारांच्या समाजात एकाची रजा नाकारली तर त्या एकाचं नुकसान होतं. दहाच्या मिन्यानात एकाची नाकारली तर उरलेल्या नऊ जणांचीही प्रार्थना अडते. रजा हा एकट्या नोकरदाराचा प्रश्न नाही, सगळ्या मंडळीचा आहे, आणि हीच गोष्ट मनुष्यबळ विभागाच्या कुठल्याही नियमात बसत नाही.

आता एक गणिती गोष्ट. ज्यू पंचांगाचा नियम असा आहे की रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचा नाही, गरज पडली तर वर्षारंभ एक-दोन दिवस पुढे ढकलायचा. त्यामुळे दहाव्या दिवसाचा योम किप्पुर फक्त सोमवार, बुधवार, गुरुवार किंवा शनिवार या चारच वारी येऊ शकतो. रविवारी तो कधीच येत नाही. आपल्याकडे एखादी जयंती रविवारी आली की सुट्टी बुडाली म्हणून आपण हळहळतो. या समाजाच्या सगळ्यांत पवित्र दिवसाला रविवारचा आधार शेकडो वर्षांत एकदाही मिळालेला नाही आणि पुढेही मिळणार नाही. 2024 आणि 2025 मध्ये दसऱ्याच्या सुट्टीने परस्पर सोय झाली. 2026 मध्ये योम किप्पुर सोमवारी 21 सप्टेंबरला आहे, 2027 मध्ये सोमवारी 11 ऑक्टोबरला. दोन्ही दिवशी कचेऱ्या भरलेल्या असतील.

महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत एकही ज्यू सण नाही. त्यात पारशी नववर्ष आहे, आणि ते असणं मला अतिशय योग्य वाटतं. लहान समाजाचा दिवस सगळ्या राज्याने ओळखावा, हे राज्याच्या मोठेपणाचं लक्षण आहे. पण ज्यू सणासाठीही सार्वजनिक सुट्टी द्या, अशी माझी मागणी नाही. दहा-बारा कोटींच्या राज्याने त्या दिवशी बंद राहून या समाजाला काय मिळणार? त्यांना बाकीच्यांनी घरी बसायला नको आहे, स्वतःला जाता यायला हवं आहे. ही मागणी फार लहान आहे आणि तिला खर्चही नाही. जो कर्मचारी योम किप्पुरला सुट्टी घेईल, त्याने त्या बदल्यात एखाद्या सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी काम करावं. दिवाळीत रुग्णालयाची, अग्निशमन दलाची, वीज कंपनीची पाळी लावताना कुणाला तरी यावंच लागतं. ती पाळी आनंदाने घेणारा माणूस मिळाला तर कुठला अधिकारी नको म्हणेल? केंद्र सरकारी कार्यालयांत ऐच्छिक सुट्ट्यांची पद्धत आहेच. तिच्या मागचं तत्त्व मान्य आहे, फक्त ते इथपर्यंत पोचवायचं आहे, आणि खासगी कंपन्यांपर्यंतही.

परीक्षांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे विद्यापीठांच्या सत्र परीक्षांचा, चाचण्यांचा, भरती परीक्षांचा हंगाम. ज्यू पंचांग एकोणीस वर्षांच्या चक्रावर चालतं, त्यात सात वर्षं तेरा महिन्यांची. चंद्र कुणाला दिसण्या-न दिसण्यावर काहीही अवलंबून नाही. पुढच्या पन्नास वर्षांचे योम किप्पुर आज कागदावर लिहून देता येतात. वेळापत्रक ठरवणाऱ्याला ‘ऐनवेळी कळलं’ असं म्हणायला जागाच नाही. पेपर पुढे ढकला, असंही मी म्हणत नाही. चार मुलांसाठी चार लाख मुलांचा पेपर हलवणं वेडेपणाचं होईल. त्या चार मुलांना दुसऱ्या दिवशी तो पेपर देऊ द्या, आणि त्यासाठी खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र आणायची वेळ त्यांच्यावर आणू नका. क्षमा मागायच्या दिवसासाठी विद्यार्थ्याला खोटं बोलायला लावणारी व्यवस्था त्याच्याशी फार क्रूरपणे वागते, असं मला मनापासून वाटतं.

याला पहिला आक्षेप येतो तो संख्येचा. पाच हजारांहून कमी लोक, त्यांच्यासाठी परिपत्रकं कशाला? मला हा तर्क मुळापासून चुकीचा वाटतो. मोठ्या समाजाला परिपत्रकाची गरज नसते, त्याची संख्याच त्याच्यासाठी काम करते. गणपतीत कुणाला रजा मागावी लागते का? अर्धी कचेरी कोकणात गेलेली असते आणि साहेबही गेलेले असतात. नियम लागतो तो जो एकटा आहे त्याला, ज्याला दरवर्षी नव्या साहेबापुढे उभं राहून रोश हशाना म्हणजे काय, सुक्कोथ वेगळं का, आणि एका महिन्यात इतके सण कसे, हे पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. हे समजावण्याचंही एक ओझं असतं. ज्याचे सण दिनदर्शिकेवर लाल अक्षरात छापलेले असतात त्याच्या ते लक्षात येत नाही. दोन-तीन वर्षांनी तो माणूस समजावणं सोडतो आणि कामावर जातो. सिनेगॉगमध्ये त्याची जागा रिकामी राहते, आणि बाहेरचे लोक म्हणतात की आता यांची तरुण पिढी धर्म पाळत नाही.

दुसरा आक्षेप असा की आज यांना दिलं तर उद्या सगळे मागतील. मागू देत की. बदली दिवशी काम करायची तयारी असेल तर बौद्ध, शीख, जैन, बहाई, कुणालाही आपापला एखादा दिवस मिळाल्याने कुणाचं काय बिघडतं? उलट या मागणीला बदल्यात कामाची अट असल्यामुळे तिचा गैरवापर करायची हौस कुणाला होणार नाही.

या बाबतीत कोकणातलं जुनं खेडं आजच्या कचेरीपेक्षा शहाणं होतं. शनिवारी तेल्याचा घाणा बंद असतो हे गावाने स्वीकारलं. ज्याला तेल हवं होतं त्याने शुक्रवारी नेलं किंवा रविवारपर्यंत थांबला. कुणी परिपत्रक काढलं नाही, कुणी तेल्याला ‘तुमचं देव-धर्म घरी करा’ असं सुनावलं नाही. जातिव्यवस्थेचे दोष त्या खेड्यात भरपूर होते, आणि तेली म्हणून या लोकांना मिळणारं स्थान काही उंचावरचं नव्हतं. मी त्या काळाचे गोडवे गायला बसलेलो नाही. पण एका कुटुंबाचा दिवस वेगळा आहे आणि आपला आठवडा त्याच्याभोवती थोडा वळवून घ्यायचा आहे, एवढी समजूत त्या गावाकडे होती. ग्रंथ नसताना, सिनेगॉग नसताना हा समाज टिकला यात त्यांच्या निष्ठेइतकाच शेजाऱ्यांच्या या समजुतीचाही भाग आहे. जगभर ज्यूंना शेजाऱ्यांनी काय काय केलं तो इतिहास माहीत असणाऱ्यांना याची किंमत सांगायला नको. भारतात आम्हाला छळ सोसावा लागला नाही, असं बेने इस्रायल मंडळी अभिमानाने सांगतात आणि ते ऐकून आपणही सुखावतो. त्या कौतुकावर किती दिवस बसून राहणार? छळ न करणं ही सुरुवात झाली. आज त्यांना आपल्याकडून हवी आहे ती थोडी जागा, आणि ती द्यायला आपण कंटाळा करतो आहोत.

2016 साली महाराष्ट्राने ज्यूंना राज्यापुरता अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत ते अजून नाहीत. त्या दर्जामुळे शिक्षणसंस्था, शिष्यवृत्ती अशा काही वाटा कागदावर खुल्या झाल्या. पण विद्यार्थीच थोडे असलेल्या समाजाला नवी संस्था उघडायच्या हक्काचा उपयोग तो किती? एच. एस. केहिमकरांनी 1875 मध्ये काढलेली इस्रायली शाळा पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपाला आली; आता माझगावच्या त्या शाळेत बहुसंख्य मुलं इतर धर्मांची आहेत. दर्जाचा खरा उपयोग व्हायचा असेल तर तो दिवसांच्या बाबतीत व्हायला हवा होता. तिथेच काही घडलं नाही.

वारशाच्या पैशाबद्दलही बोलायला हवं. सिनेगॉगच्या इमारती जपायला माझा जराही विरोध नाही. चुनखडीच्या भिंती, सागवानी तेवा, बायकांच्या सज्जाची नक्षी, छताला टांगलेले काचेचे दिवे हे सगळं जपायलाच हवं. पण नूतनीकरणाच्या प्रत्येक बातमीत मी एक गोष्ट शोधतो आणि ती सापडत नाही: या इमारतीत येत्या तिश्रीत प्रार्थना कोण चालवणार? भारतात बेने इस्रायलांची स्वतःची रब्बींची परंपरा कधी नव्हती. सगळी भिस्त हझ्झानांवर. योम किप्पुरच्या पाच प्रार्थना उपाशीपोटी, त्याच त्या जुन्या चालींवर, दिवसभर म्हणू शकणारा हझ्झान तयार व्हायला वर्षं लागतात. तो तयार झाला नाही, तर रंगवलेल्या भिंती पाहायला पर्यटक येतील, पाच मिनिटं थांबतील, फोटो काढून काशिदच्या किनाऱ्याकडे निघतील. माणसांशिवाय राखलेलं सिनेगॉग म्हणजे सुरेख झाकण लावून ठेवलेला रिकामा डबा.

इथे सरकारची मर्यादा मला मान्य आहे. धर्मप्रसारासाठी कराचा पैसा वापरू नये हे आपल्या राज्यघटनेचं तत्त्व आहे आणि ते चांगलं आहे. हझ्झानाचा पगार शासनाने द्यावा असं मी म्हणणार नाही. पण उद्योगसमूह, न्यास, वारसाप्रेमी मंडळं यांच्यावर असं बंधन नाही. एका सिनेगॉगच्या दगडी कामावर खर्च करणाऱ्याने त्यातला एक लहानसा वाटा दरवर्षी दोन तरुणांच्या हझ्झानपदाच्या शिक्षणासाठी, सणांच्या आधी मुंबईहून कोकणात जाऊन राहणाऱ्या मंडळींच्या प्रवासासाठी, सुक्केच्या आणि सामूहिक जेवणाच्या खर्चासाठी बाजूला ठेवला तर इमारतीवरचा खर्चही सार्थकी लागेल. हे काय हवं ते मात्र सिनेगॉगच्या विश्वस्तांना विचारून ठरवावं, देणगीदाराने परस्पर ठरवू नये.

समाजाच्या आतलेही प्रश्न आहेत, आणि ते अवघड आहेत. मिन्यानात बायकांना मोजायचं का? 1925 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ज्युइश रिलिजस युनियनने सुधारणावादी वाट धरली, बाकीच्या सिनेगॉगांनी परंपरेची. जवळजवळ असलेल्या दोन-तीन सिनेगॉगांनी एरवीच्या शब्बाथला एकत्र यावं का, की प्रत्येकाने आपलं दार उघडं ठेवायची धडपड करावी? मी या समाजातला नाही, त्यामुळे यावर निकाल देणं मला शोभणार नाही. माझा आग्रह एवढाच की हे निर्णय त्यांनी मोकळेपणाने घ्यावेत. माणसं कमी म्हणून, रजा नाही म्हणून घ्यावे लागलेले निर्णय समाजाने विचारपूर्वक घेतलेले निर्णय नसतात.

सुरक्षेचा विषय टाळता येत नाही. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये जे झालं त्यानंतर मुंबईतल्या सिनेगॉगांच्या दारात पोलीस आले, ओळखपत्राची विचारणा आली. ते आवश्यक आहे. पण तिश्री नेमका गणपती-नवरात्रात येतो, पोलीस आधीच थकलेले असतात, आणि पश्चिम आशियात युद्ध पेटलं की या दारांवरचा ताण वाढतो. त्या युद्धाबद्दल आपलं मत काहीही असो. माझंही आहे, आणि ते मी दुसरीकडे मांडतो. पण रेवदंड्याच्या किंवा ठाण्याच्या मराठी माणसाने आपल्या उपासाच्या दिवशी कुठल्या परक्या सरकारच्या वतीने उत्तरं द्यावीत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. असले शेरे मारणारे आपल्याच ओळखीतले असतात आणि त्यांना थांबवणं आपलं काम आहे.

इस्रायलला गेलेल्यांचं काय झालं हेही या संदर्भात पाहण्यासारखं आहे. तिथे योम किप्पुरला रस्ते ओस पडतात, रजा मागायचा प्रश्नच नाही. तरीही गेलेल्या मराठी ज्यूंची लढाई संपली नव्हती. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांशी होणाऱ्या विवाहांवर शंका घेतली, तेव्हा या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि 1964 मध्ये संसदेला त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं. पुढे दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशा गावांत त्यांनी आपली सिनेगॉग उभी केली, आपल्या चाली राखल्या, शुभप्रसंगी एलियाहू हनाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने पोह्यांचा मलिदा करणं चालू ठेवलं. तिथे त्यांना दिवस आयता मिळाला, स्वतःची मंडळी मात्र उभी करावी लागली. इथे मंडळी पिढ्यांपासून उभी आहे. तिला दिवस देणं आपल्या हातात आहे, आणि ते तुलनेने कितीतरी सोपं आहे.

या समाजाविषयी लिहिताना आपण लगेच योगदानाची यादी काढतो. वरळीच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर होते, निसीम इझिकेल कवी होते, सैन्यात आणि रुग्णालयांत किती जणांनी सेवा केली, वगैरे. यादी खरी आहे, पण ती इथे जोडायची मला इच्छा नाही. परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या, कुठल्याच यादीत नसलेल्या बाईलाही योम किप्पुरचा दिवस तेवढाच मिळाला पाहिजे. एखाद्याला त्याचा पवित्र दिवस पाळू देण्यासाठी त्याच्या पूर्वजांची कर्तबगारी तपासायची नसते.

करायचं काय ते एका पानात मावतं. शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोथचा पहिला दिवस आणि सिम्हाथ तोरा यांच्या पुढच्या दहा वर्षांच्या तारखा विद्यापीठांना, परीक्षा मंडळांना आणि लोकसेवा आयोगाला कळवाव्यात. त्या दिवशी पेपर असेल तर आगाऊ अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरी तारीख द्यावी. कर्मचाऱ्याला बदली कामाच्या अटीवर ती सुट्टी हक्काने मिळावी, आणि पुरावा म्हणून सिनेगॉगच्या मुकादमांचं, म्हणजे प्रमुखांचं, किंवा विश्वस्तांचं पत्र पुरेसं मानावं. खासगी कंपन्यांनी हाच मजकूर आपल्या रजेच्या नियमांत घालावा. दिनदर्शिका छापणाऱ्यांनी त्या चौकटींत या सणांची नावं टाकावीत, म्हणजे साहेबांपुढे दरवर्षी नव्याने धडा घ्यावा लागणार नाही. यांतलं काहीही करायला कायदा बदलावा लागत नाही, अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही, आणि 21 सप्टेंबरच्या सोमवारसाठी ते करायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी परिपत्रक निघायला हवं, कारण पहिल्या सत्राची वेळापत्रकं तेव्हाच पक्की होतात.